जड गाडीसाठी कमी धुळीचे ब्रेक पॅड : गॅरेजच्या वहीतल्या नोंदी

५ नोव्हेंबर २०२४

दिवाळी आटोपली आणि काकाजींची गाडी गॅरेजला लागली. जर्मन बनावटीची सात आसनी डिझेल एसयूव्ही, नागपुरातून वापरलेली घेतलेली, मीटरवर ७१ हजार किलोमीटर. काकाजींचा संत्र्याचा व्यापार. आंबिया बहाराचा माल जोरात निघतो आहे, त्यामुळे गाडी दिवसभर बगीचे, मंडी, अमरावती, नागपूर अशी फिरते. अधूनमधून पाहुण्यांना घेऊन चिखलदऱ्यालाही जाते.

"पोरा, आठ दिवसांत चाकं कोयशावानी कायी होतेत. धुतलं का पुन्हा तेच. फेब्रुवारीत पुतणीचं लगन हाये, तोवर कायतरी इलाज कर."

त्यांच्या भाच्याने मोबाईलवर पाहून सांगितलं होतं की सिरॅमिक पॅड टाकले की धूळ बंद. मागणी तेवढीच होती, आणि मी ती एका दिवसात उरकूनही दिली असती. पण एवढ्या वजनाच्या गाडीचे पॅड फक्त चाकं उजळ दिसावीत म्हणून बदलणं मला पटत नाही. ही गाडी घाट उतरते, तिच्यात घरची माणसं बसतात. काकाजींना महिनाभर मागितला. त्यांनी दिला. म्हणून तारखेनुसार सगळं लिहून ठेवतो आहे.

पहिला प्रश्न, हे काळं नेमकं कशाचं? आपल्याकडे कपाशीची काळी जमीन, शिवाररस्त्याने गेलेल्या कोणत्याही गाडीची चाकं काळीच येतात. म्हणून चार पांढरी सुती फडकी ओली केली आणि एका चाकाला एक अशी चारही चाकं पुसली. मागच्या दोन फडक्यांवर मातकट काळपट रंग आला, बादलीत बुचकळलं की बराचसा निघून गेला. पुढच्या दोन फडक्यांवर काजळीसारखं काळं, बोटांच्या रेघांत जाऊन बसणारं. साबणानेही निघालं नाही. शेतातली धूळ चारही चाकांवर सारखी बसते. पुढे एवढा फरक पडला म्हणजे ती शेतातली नाही, ब्रेकची आहे. त्यातही डावं पुढचं चाक उजव्यापेक्षा ठळकपणे काळं होतं.

६ नोव्हेंबर

काल रात्री चारही फडकी ओलीच ठेवली होती. सकाळी पुढच्या दोन्हींवर केशरी ठिपके उगवलेले. हा गंज आहे. लोखंडाचा ताजा कीस ओलाव्यात रात्रीतून गंजतो. मागच्या फडक्यांवर असे ठिपके शोधून चार-सहा सापडले.

लोहचुंबकही लावून पाहिला, पण त्याचा भरवसा धरू नये. आपली काळी माती बेसाल्टच्या खडकापासून झालेली, तिच्यातही चुंबकाला चिकटणारे कण असतात. ते कण मात्र असे रात्रीतून गंजत नाहीत. गंज दिसला तर ते नक्की ब्रेकमधलं लोखंड.

ते लोखंड फक्त पॅडमधून येतं असंही नाही. चाकासोबत फिरणारी, पॅड जिला दोन्हीकडून आवळतात ती डिस्क बिडाची असते. युरोपातल्या मोठ्या गाड्यांना कारखान्यातून बहुधा लो-मेटॅलिक जातीचे पॅड येतात. त्यांच्यात पोलादाचे तंतू आणि खरवडणारे कण असतात. पायाला लगेच पकड मिळते आणि वेगातही ब्रेक भक्कम लागतो, पण ती पकड डिस्क खरवडूनच मिळते. चाकावरच्या काळ्या थरात पॅडची भुकटी असते तशी डिस्कचीही असते. म्हणजे काकाजी दर आठवड्याला जे धुऊन टाकतात, त्यात महागड्या डिस्कचाही भाग आहे. हे सांगितल्यावर ते पहिल्यांदा खुर्चीवर नीट सरसावून बसले.

८ नोव्हेंबर

चाकं काढली. एअर सस्पेन्शनची, म्हणजे हवेच्या फुग्यांवर उभी राहणारी गाडी, म्हणून आधी जॅक मोडवर टाकली, नाहीतर गाडी उचलताना ती स्वतःच उंची सावरायला लागते. जॅकवर उचलून लगेच घोड्या लावल्या.

हाताखालच्या पोराने सवयीने हवेची नळी उचलली. त्याच्या हातातून ती काढून घेतली. ब्रेकवर हवा मारायची नाही, हा नियम आजपासून गॅरेजमध्ये कायम. सुटे पॅड बाजारातून कुठूनकुठून येतात, त्यात काय मिसळलं आहे हे डोळ्यांना दिसत नाही; ॲस्बेस्टॉस नसलं तरी इतकी बारीक धातूची भुकटी एकोणीस वर्षांच्या पोराच्या छातीत कशाला जायला हवी? साबणाच्या पाण्याचा फवारा, खाली परात, तोंडाला मास्क. वेळ दुप्पट लागतो, लागू दे. माझ्या वडिलांनी आयुष्यभर ब्रेकच्या लायनरवर हवा मारली आणि शेवटची दहा वर्षं खोकण्यात काढली. खोकला त्याच्यामुळेच होता असं कोणा डॉक्टरने लिहून दिलेलं नाही, पण मी तो खोकला ऐकलेला आहे.

आता डाव्या पुढच्या चाकाचं. कॅलिपर म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा; इथे तो सरकता, दोन पिस्टनचा. पॅडचं माप घेतलं तर आतला ४ मिलिमीटर, बाहेरचा ७. उजवीकडे दोन्ही साडेसहा. इथेच कळलं. डावा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यांतली खालची पीन हाताने हलेना. रबरी टोपण फाटलेलं, आत काळी माती शिरून ग्रीससोबत तिचा लगदा झालेला आणि वाळून टणक बसलेला. पीन ओढून काढायला पाऊण तास लागला. बाहेर आली तेव्हा तिच्यावर मातीचा थर घराच्या सारवणासारखा गुळगुळीत होता. नखाने टोकरला तर पापुद्रा निघाला आणि त्याखाली गंजाचा लाल पट्टा.

ब्रेक सोडल्यावरही हा पॅड डिस्कला घासत होता. डाव्या चाकावरच्या जादा धुळीचं कारण हेच. तसेच नवे सिरॅमिक पॅड टाकले असते तर तेही घासत राहिले असते, आणि दोन महिन्यांनी सगळ्यांनी पॅडलाच नावं ठेवली असती.

पीन नवी, टोपणं चारही नवी, रबराला चालणारं सिलिकॉनचं ग्रीस. साधं चेसिस ग्रीस लावलं तर टोपण फुगतं.

पुढच्या डिस्कची जाडी ३४.९ मिलिमीटर भरली, डिस्कवर कोरलेली किमान जाडी ३३.४. फिरवून पाहिली तर डायल गेजवर डगमग ०.०३ मिलिमीटर. डिस्क वापरण्याजोग्या आहेत.

९ नोव्हेंबर

पॅड लगेच बदलणार नाही. दोष काढल्यावर जुन्याच पॅडची धूळ किती हे आधी मोजलं पाहिजे, नाहीतर नव्याची तुलना कशाशी करणार? पुढचे चारही पॅड धुऊन, उन्हात वाळवून गावातल्या सराफाकडे नेले. त्यांच्याकडे चांदी तोलायचा काटा आहे, ग्रॅमचा फरक दाखवतो. दुकानात पैंजणं तोलायला आलेल्या बाया बघतच राहिल्या. पण सराफांनी चारही पॅड मन लावून तोलले आणि प्रत्येकाचं वजन स्वतःच्या हाताने चिठ्ठीवर लिहून दिलं. चिठ्ठी वहीत चिकटवली आहे.

१४ नोव्हेंबर

गाडीचं खरं वजन. आरसीवरचं वजन रिकाम्या गाडीचं, आणि ब्रेकला थांबवायची असते ती भरलेली. रस्त्यावरच्या जिनिंगमध्ये धरमकाटा आहे. कापसाच्या गाड्यांची रांग होती, दीड तास थांबलो. टाकी भरलेली आणि एकटा ड्रायव्हर असताना २,४८० किलो. नंतर घरची सात माणसं आणि मागे संत्र्याची क्रेट ठेवून ३,०२० किलो.

हे आकडे असे समजून घ्यायचे. २,४८० किलोची गाडी १०० च्या वेगावरून पूर्ण थांबवताना सुमारे ९५० किलोज्यूल उष्णता ब्रेकमध्ये जाते. घरातल्या तापमानाचं तीन लिटरच्या आसपास पाणी उकळीला आणायला लागेल एवढी, आणि ती चार-पाच सेकंदांत. ९०० किलोच्या छोट्या गाडीला हाच आकडा ३५० किलोज्यूलच्या आत राहतो. समृद्धी महामार्गावर १२० ने जाताना वेग २० टक्के वाढतो, पण उष्णता ४४ टक्के, कारण वेगाचा वर्ग होतो. छोट्या गाडीवर चांगला चाललेला पॅड या गाडीवर चालेल असं म्हणूनच गृहीत धरता येत नाही.

२१ नोव्हेंबर

काल मतदान होतं, गॅरेज बंद. आज जुन्या पॅडवर घाट पाहून आलो.

परतवाड्याहून धामणगाव गढीवरून चिखलदरा. वरचं गाव समुद्रसपाटीपासून १,११८ मीटरवर, खाली उतरेपर्यंत साधारण ७०० मीटरचा उतार. अडीच टनांची गाडी एवढी खाली येते तेव्हा १७ मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. १०० वरून अठरा वेळा गाडी थांबवण्याएवढी. त्यातला बराच भाग टायर, हवा आणि इंजिन खातात, उरलेला सगळा ब्रेकवर.

दोनदा उतरलो. पहिल्यांदा गिअर डीवर, म्हणजे आपोआप बदलणाऱ्या जागेवर ठेवून, ड्रायव्हर नेहमी उतरतो तसं ब्रेकवर. पायथ्याशी पोचल्यावर तापमानाच्या बंदुकीने डिस्क मोजली, डावी २९६ अंश, उजवी २८८. दोन्हींत आता फारसा फरक नाही, म्हणजे पिनेचं काम बरोबर झालं. चकचकीत धातूवर ही बंदूक खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवते, म्हणून हे आकडे फक्त एकमेकांशी ताडून पाहायचे.

तासभर थांबून पुन्हा वर गेलो, आणि या वेळी गिअर हाताने तिसऱ्यावर ठेवून उतरलो. १९० आणि १८६. शंभर अंशांचा फरक फक्त गिअरने पडला. ड्रायव्हरला शेजारी बसवून हे दाखवलं. तो म्हणाला, "मले कोनी सांगतलंच नाही, दादा." त्याचं खरं आहे. ऑटोमॅटिक गाडी हातात देताना घाटात गिअर कसा धरायचा हे कोणी सांगत नाही.

तो खाली आल्यावर झऱ्याच्या पाण्याने चाकं धुतो, हेही आजच कळलं. गरम डिस्कवर थंड पाणी कधीही नाही. बीड असमान आखडतं, आणि मग पेडल थरथरायला लागतं.

२ डिसेंबर

पिना मोकळ्या केल्यावर गाडी १,०४० किलोमीटर चालली. पॅड पुन्हा सराफाकडे. चारही पॅड मिळून २४ ग्रॅम घट, डाव्याउजव्या जोड्यांत एका ग्रॅमचा फरक. चाकं काळी झालीच, पण डावं आता वेगळं ओळखू येत नाही. हा जुन्या पॅडचा खरा आकडा. याच्याशी नव्याची तुलना होईल.

५ डिसेंबर

आज निवड. दोन संध्याकाळी याच्यावर गेल्या.

काकाजींच्या भाच्याचा गैरसमज आधी दूर केला. सिरॅमिक पॅड आणि कार्बन-सिरॅमिक डिस्क या दोन वेगळ्या गोष्टी. दुसरी अतिमहाग स्पोर्ट्स गाड्यांना असते, तिच्यात डिस्कच बिडाची नसते. आपल्याला हवे आहेत बिडाच्या साध्या डिस्कवर चालणारे पॅड, ज्यांच्या मसाल्यात पोलादाचे तंतू नसतात आणि त्याऐवजी सिरॅमिक व अरामिडचे तंतू, खनिज भुकटी आणि राळ असते. यांना एनएओ जात म्हणतात. हे डिस्क खरवडून पकड घेत नाहीत. आपला एक पातळ थर डिस्कवर चढवतात आणि त्या थरावर स्वतः घासतात. म्हणून डिस्क कमी झिजते. जी धूळ पडते ती फिकट रंगाची असते आणि चाकाला तेवढी चिकटून बसत नाही. धूळ बंद होते हे मात्र खोटं. कमी होते आणि कमी दिसते, इतकंच.

याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. पहिली पकड थोडी मऊ लागते. खूप तापल्यावर स्वस्त एनएओ पॅडची पकड लवकर ढिली पडते. छोट्या गाडीत हे कधी जाणवणारही नाही, तीन टनांच्या गाडीत घाटातल्या शेवटच्या वळणावर जाणवेल. म्हणून माझी पहिली अट धुळीची नव्हतीच. तापल्यावर पकड टिकते का, हे आधी. ज्याने हे सिद्ध केलेलं नाही तो पॅड कितीही स्वच्छ असला तरी या गाडीला नाही.

ते कसं कळणार? दोन खुणा पाहायच्या. एक, पॅडच्या पाठीवर गोलात ई आणि देशाचा क्रमांक, पुढे ९०आर ने सुरू होणारा नंबर. हा सुट्या पॅडसाठीच्या ईसीई आर९० नियमाचा शिक्का. तो असेल तर त्या ठरावीक गाडीसाठी पॅडची चाचणी झालेली असते आणि त्याचं ब्रेकिंग मूळ पॅडपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त वेगळं नसतं. दोन, कडेला छापलेली दोन इंग्रजी अक्षरं. पहिलं थंड घर्षणाचं, दुसरं गरम घर्षणाचं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल, समजा एफई, तर तापल्यावर पकड उतरते. या गाडीला एफएफ च्या खाली घेणार नाही. अक्षरं पॅडचा दर्जा सांगत नाहीत, फक्त घर्षणाचा पट्टा सांगतात, हेही लक्षात ठेवावं.

यादीत तीन नावं होती, एटीई सिरॅमिक, टेक्स्टार ई-पॅड आणि अकेबोनो युरो. तिन्ही कमी धुळीसाठीच ओळखले जातात. ज्याला या गाडीच्या नेमक्या पार्ट नंबरावर आर९० होता आणि ज्याचा पुढचा-मागचा दोन्ही संच मिळत होता, तो मागवला. कोणता ते इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण दुसऱ्या गाडीला तोच बरोबर ठरेल असं नाही. आपल्या गाडीचा नंबर घालून शिक्का पाहावा.

पुढे सिरॅमिक आणि मागे जुनेच ठेवू, पैसे वाचतील, असं काकाजींनी विचारलं. नको म्हणालो. पुढच्या पॅडची पकड मऊ आणि मागच्याची कडक झाली तर पुढच्या-मागच्या ब्रेकचं गणित बिघडतं. ओल्या रस्त्यावर मागचं चाक आधी पकडायला लागलं तर तो सगळा भार एबीएसवर, म्हणजे चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेवर का टाकायचा? चारही चाकांना एकाच जातीचे.

डिस्क आणि चाकाच्या मध्ये बसवायची धूळपत्रंही भाच्याने शोधून ठेवली होती. धूळ अडते हे खरं, पण हवाही अडते. तापणाऱ्या जड गाडीला ती कदापि लावू नयेत.

१२ डिसेंबर

माल मुंबईहून आला. मूळ जातीच्या संचापेक्षा दीडपट किंमत. डबा उघडण्याआधीच फोटो काढले. शिक्का पाठीवर कोरलेला, शाईने छापलेला नाही. कडेला जीजी. तीन पानांची खूण आणि एन अक्षर आहे, म्हणजे तांब्याचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या खाली. तांबं ओढ्यानाल्यांत जाऊन माशांना मारतं म्हणून अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०१० साली त्यावर कायदे केले. युरोपच्या युरो ७ नियमांत तर ब्रेकच्या धुळीला पहिल्यांदाच मर्यादा घातली आहे, बहुतेक मोटारींना किलोमीटरला ७ मिलिग्रॅम. म्हणजे काकाजींना चाकावर दिसतं ते आता धुराड्याच्या धुराच्या पंक्तीला बसलं आहे. ते मला योग्य वाटतं.

डिस्कही मागवल्या, चारही. जुन्या मापात होत्या, मग कशाला? त्यांच्यावर लो-मेटॅलिक पॅडने पाडलेल्या रेघा आणि त्या जातीचा थर बसलेला होता. नव्या पॅडला आपला थर स्वच्छ बिडावर चढवावा लागतो. घासून स्वच्छ करता आल्या असत्या, पण जाडी किमानपेक्षा दीडच मिलिमीटर वर होती, आणि हा पॅड डिस्क हळू झिजवणार असल्याने नव्या डिस्क खूप वर्षं पुरतील. काकाजींनी एक दिवस विचार केला आणि होकार दिला.

१४ डिसेंबर

बसवले. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच.

मागच्या कॅलिपरवर पार्किंग ब्रेकची मोटर आहे. स्कॅनर लावून आधी सर्व्हिस मोडमध्ये नेली, मगच पिस्टन मागे ढकलला. घाईत पान्याने दाबला तर मोटरचं आतलं मळसूत्र तुटतं. डिस्क जिथे बसते त्या हबवरचा गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढला. तिथे कागदाएवढा गंज राहिला तरी डिस्क वाकडी बसते आणि दोष डिस्कला लागतो. क्लिपा नव्या, पॅड झिजल्याचं सांगणारे सेन्सर नवे, पॅडच्या पाठीला ब्रेकचंच ग्रीस, बोटावर मावेल एवढंच.

ब्रेक ऑइल कधी बदललं याची नोंद मागच्या मालकाकडून मिळाली नव्हती. डॉट ४ ऑइल नवं असताना २३० अंशांच्या वर उकळतं. हवेतला ओलावा पिऊन पिऊन ती मर्यादा १५५ पर्यंत उतरली तरी ते ठरलेल्या मानकातच बसतं. घाटाच्या पायथ्याशी डिस्क तीनशेच्या जवळ होती हे आठवून अंगावर काटा आला. ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते आणि पाय थेट तळाला जातो. पॅड कितीही चांगला असो, तिथे तो काही करू शकत नाही. सगळं ऑइल काढून नवं भरलं, चारही चाकांच्या ब्रेक पाइपांतली हवा काढली. निघालेलं ऑइल काळ्या चहासारखं होतं.

१५ डिसेंबर

पहाटे साडेपाचला अंजनगावच्या रस्त्यावर, रहदारी नसताना. पॅड बसवून गाडी तशीच हातात देणं म्हणजे अर्धवट काम. पॅडचा थर डिस्कवर चढवायला ५० वरून १० पर्यंत हलक्या पायाने दहा वेळा, मध्ये अर्धा किलोमीटर चालवत. मग ८० वरून ३० पर्यंत जरा जोराने दहा वेळा. कुठेही पूर्ण थांबायचं नाही. गरम पॅड एका जागी दाबून धरला की तिथे त्याचा ठसा उमटतो. शेवटी दहा किलोमीटर ब्रेक न लावता, थंड होऊ देत. परतलो तेव्हा डिस्कवर निळसर राखाडी एकसारखा थर दिसत होता. पाचव्या-सहाव्या वेळी पेडल मऊ लागत होतं, विसाव्या वेळी भरलं.

१८ डिसेंबर

थंडीत सकाळी पहिल्या दोन ब्रेकला बारीक किंकाळी येते, अशी काकूंची तक्रार. गाडी तापली की जाते. पॅडची कड पाहिली, सगळं जागेवर. महिनाभर पाहू म्हटलं.

२२ डिसेंबर

बहिरमची यात्रा सुरू झाली, रस्त्याला गर्दी. घाट मात्र सकाळी मोकळा मिळाला. तीच माणसं, तेवढंच वजन, तोच ड्रायव्हर. डीवर ठेवून उतरल्यावर २९१ आणि २८७. तिसऱ्या गिअरवर १८८ आणि १८५.

म्हणजे तापमान जवळपास तेच. माझ्या मनात कुठेतरी होतं की नवा पॅड थंड राहील. राहणार कसा? गाडी तेवढीच, उतार तेवढाच, उष्णताही तेवढीच. प्रश्न फक्त त्या उष्णतेत पॅड पकड धरतो का, हा होता.

त्यासाठी पायथ्याच्या सरळ रस्त्यावर ६० वरून थांबून शेतमोजणीच्या टेपने अंतर घेतलं. जुन्या पॅडवर १५.४ मीटर आलं होतं, आज १५.५. घरी येऊन वहीत लिहिताना लक्षात आलं की ही परीक्षा टायरची झाली. पूर्ण जोराने ब्रेक मारला की एबीएस लागतं आणि मग अंतर टायर व रस्ता ठरवतात. पॅडचं खरं उत्तर मधल्या जोराच्या ब्रेकला मिळतं. घाटात तशी एकामागून एक पंधरा वळणं घेतली होती. पहिल्या वळणाला पाय जुन्या पॅडपेक्षा थोडा जास्त दाबावा लागला, पंधराव्यालाही तेवढाच. वाढला नाही. वास नाही, धूर नाही, पेडल खाली गेलं नाही. मला एवढंच हवं होतं.

२६ जानेवारी २०२५

झेंडावंदन करून सराफाकडे. नवे पॅड थर चढवून झाल्यावर तोलले होते, त्यानंतर १,१०० किलोमीटर. चार पॅडची घट १४ ग्रॅम. जुन्यांची १,०४० किलोमीटरला २४ होती. त्या हिशेबाने अर्ध्याच्या थोडी वर.

चाकांवर राखाडी तपकिरी धूळ आहे. ओल्या फडक्याने एका हातात निघते. फडकं रात्रभर ओलं ठेवलं, केशरी ठिपके मोजके. किंकाळी दोन आठवड्यांपूर्वी आपोआप बंद झाली.

१० फेब्रुवारी

लग्न काल पार पडलं. चाकं आदल्या रात्री नुसत्या पाण्याने धुतली होती.

२२ जून २०२५

पाऊस लागला, एक चाचणी उरली होती ती झाली. डिस्कवर पाणी असताना पहिला ब्रेक क्षणभर उशिरा लागतो. जुन्या पॅडवर हे एवढं जाणवत नव्हतं. खरवडणारा पॅड पाण्याचा पापुद्रा लगेच कापतो, हा तेवढा कापत नाही. ड्रायव्हरला सांगितलं आहे की पावसात मधूनमधून पेडलला हलका स्पर्श करून डिस्क पुसून घ्यायची आणि पुढच्या गाडीपासून अंतर वाढवायचं. काकाजींनाही समोर बसवून सांगितलं, कारण गाडी कधी कधी तेही चालवतात. त्यांनी विचारलं, "मंग जुनेच बरे होते का?" मी म्हणालो, या गाडीला आणि तुमच्या वापराला हेच बरे, पण ही एक गोष्ट पायाला शिकवावी लागेल.

पिनांची टोपणं उघडून पाहिली. डाव्या खालच्या पिनेवर ग्रीस स्वच्छ, माती नाही. आतला-बाहेरचा पॅड सारखा झिजतो आहे. पुन्हा दसऱ्याच्या आत, चिखल वाळल्यावर उघडायच्या.